लक्षात येण्याच्या आधी

हे लिहायला बसलो तेव्हा बायकोनं एकच अट घातली, दादाबद्दल वाईट लिहायचं नाही. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मेव्हणा. मी म्हटलं, वाईट लिहीत नाही, घडलं ते लिहितो. ती म्हणाली, "तेच नको म्हणते मी." पण मला आमच्या मुलीच्या शाळेची हकीकत सांगायची आहे, आणि तिची सुरुवात त्याच्याच तोंडून निघालेल्या एका इंग्रजी वाक्यानं होते. त्याला माझा इलाज नाही.

मी घाटावरचा. मराठी चौथी झाली आणि मामाच्या मागोमाग मुंबईला आलो. मुंबई म्हणजे अंधेरी. स्टेशनच्या पूर्वेला तेव्हा भाताची खाचरं होती, मधेमधे ख्रिस्ती लोकांची जुनी गावठाणं, आणि त्यांच्या कडेकडेनं म्हशींचे तबेले. मी तबेल्यात शेण काढत होतो. तिथून वर चढत तिशीच्या आत म्हशींचा दलाल झालो, तो कुणाच्या शिफारशीवर नाही. म्हैस चालताना बघून ती किती दूध देईल आणि मालक कुठं खोटं बोलतोय, हे दोन्ही मला सांगता यायचं. तोंड माझं तिखट. ते आजही आहे. सौदा मोडला तर मी मोडायचो, समोरचा नाही.

आमच्या धंद्यात खरा भाव तोंडानं बोलत नाहीत. देणारा आणि दलाल रुमालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं धरतात, दाबतात, सोडतात. एक बोट, दोन बोटं, सगळा पंजा, प्रत्येकाचा ठरलेला अर्थ. भोवती बघ्यांची गर्दी असली तरी त्यांना दिसतो तो नुसता हलणारा रुमाल. तोंडानं वर काहीही चाललेलं असतं, पाऊसपाणी, चुलत्याची तब्येत, शिव्याही. हे मी इथंच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरी जी चूक झाली ती असल्याच घरात होऊ शकते.

बायको मुलुंडची. इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेली. तिचे वडील सरळ माणूस, त्यांनी माझे हात बघून मुलगी दिली. मेव्हणा तेव्हा नुकताच मॅट्रिक होऊन फोर्टात एका गोऱ्या कंपनीत कारकून लागला होता. लग्नात त्यानं मला "जावईबापू" म्हटलं ते अशा सुरात, की मांडवातल्या दोघांतिघांनी हसू दाबलं. तेव्हापासून तो मला जावईबापूच म्हणतो.

मुलगी चार वर्षांची होती तेव्हाची भाऊबीज. मेव्हणा ओवाळून घ्यायला आमच्याकडे आला होता. मुलुंडहून दादरला गाडी बदलून अंधेरीला यायचं म्हणजे केवढे हाल, हे त्यानं पाणी पिण्याआधीच दोनदा सांगितलं. पोरगी अंगणात रांगोळीपाशी बसून बोटानं रांगोळी विसकटत होती. शेजारच्या कुणा टवाळ पोरानं तिच्या पाठीमागं सुतळी बॉम्ब लावला. आवाज असा झाला की तबेल्यातल्या म्हशी दावी ओढायला लागल्या, आणि मेव्हण्याच्या हातातली बशी सांडली. पोरगी रांगोळी विसकटत राहिली. तिनं मान वळवली नाही.

मेव्हण्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि अंगणात शेजारीपाजारी, तबेल्यातले भय्ये, सगळे असताना मोठ्यानं म्हणाला, "डिड यू नेव्हर नोटिस?"

मी बायकोला विचारलं, "काय म्हणतोय?"

ती ओवाळणीचं ताट धरून उभी होती. म्हणाली, "तुमच्या कधी लक्षात आलं नाही का, म्हणतोय."

हा माझ्या मनातला काटा. मुलीला ऐकू येत नाही हे कळल्याचं दुःख वेगळं, ते मी कुणाला सांगत बसलो नाही. पण चार माणसांत, माझ्या अंगणात, मला न कळणाऱ्या भाषेत मला जाब विचारला गेला, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

उत्तर नंतर सापडलं. आमच्या भिंतीला लागून तबेला. सकाळपासून घमेली, बादल्या, रेकणं. त्या गलक्यात कुणी कुणाला हाक मारत नसे, सगळे हातवारे करत. मी घरी आलो की पोरगी मांडीवर बसायची आणि माझा रुमाल ओढून त्याच्याखाली हात घालायची. ती दोन वर्षांची असेल तेव्हा मी गमतीनं तिला बोटं शिकवली. एक बोट धरलं की पाणी. दोन धरली की बाहेर जायचं. मूठ दाबली की झोप. तिनं त्यात स्वतःची भर घातली. करंगळी ओढली की म्हैस बघायला चल, तळहातावर नख फिरवलं की आई रागावली आहे. आमची दोघांची गप्पा मारायची ती रीत झाली. ती तोंडानं बोलत नव्हती हे दिसत होतं, पण काही मुलं उशिरा बोलतात, गावाहून आईनंही तेच सांगितलं होतं. आणि मी दारात पाऊल टाकायच्या आत ती उठून दाराशी आलेली असायची. चाहूल घ्यायला इतकी तरबेज पोर मी दुसरी पाहिली नव्हती. आता कळतं, जमीन हलायची ती तिला पायाला लागायची, उंबऱ्यावर सावली पडायची ती दिसायची. तेव्हा मला वाटायचं, माझी मुलगी सगळ्यांच्या दोन पावलं पुढं आहे.

डॉक्टर झाले. देवऋषी आईनं पाठवला, त्याला मी अंगणातूनच परत पाठवला. डॉक्टर म्हणाले, कान पहिल्यापासूनच नाहीत, औषध नाही, शाळा आहे. शहरात बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारी शाळा होती. चौकशी मेव्हण्यानंच केली. हे मी कबूल करतो, नाहीतर बायको कागद फाडेल. त्याच्या हापिसातल्या कुणाच्या नात्यातलं मूल त्या शाळेत होतं. त्यानं आणलेली बातमी अशी: जागा मोजक्या, आणि मोठ्या बाई मुलापेक्षा आईला पारखून घेतात. कारण पहिलं वर्षभर आईनं रोज मुलाशेजारी वर्गात बसायचं आणि तेच घरी गिरवून घ्यायचं. बाई दक्षिणेकडच्या, मराठी येत नाही, हिंदी मोडकंतोडकं, तेव्हा आईला इंग्रजीत उत्तरं द्यावी लागतात. आणि सगळ्यांना पहिला प्रश्न एकच विचारतात. मुलाला ऐकू येत नाही, हे पहिल्यांदा तुमच्या लक्षात कधी आलं?

"तिथंच लोक पडतात," मेव्हणा म्हणाला. "ज्यांनी हयगय केली त्यांना बाई परत पाठवतात. लपवलं त्यांनाही."

पुढचे कितीतरी रविवार तो बहिणीला उत्तर शिकवायला आमच्याकडे येत होता. ती चुलीपाशी भाकऱ्या थापायची, तो पाटावर बसून इंग्रजी सांगायचा, मी दारात विडी ओढत बसायचो. पोरगी कधी तिच्या पाठीला रेलून, कधी माझ्या.

"सांगायचं, वुई नोटिस्ड व्हेन शी वॉज फोर," मेव्हणा म्हणाला.

"नोटीस घरमालक पाठवतो ती," मी म्हटलं. "इथं कशाला?"

"ती वेगळी, जावईबापू. नोटिस करणं म्हणजे लक्षात येणं. गोष्ट समोर असते, आणि एकदम नजरेत भरते."

"समोर असते ना? मग चार वर्षं आम्ही काय डोळ्याला झापडं लावली होती? बाई हेच विचारणार."

"बाई असं कशाला विचारतील?"

"तोंडानं नाही विचारणार, मनात धरतील. तू भाऊबिजेला धरलंस तसं."

बायकोनं भाकरी जरा जोरात थापली. ती खूण होती. मी गप्प बसलो, पण तो शब्द मी घेऊ दिला नाही. मला इंग्रजी येत नव्हतं, पण माल न ओळखता घ्यायचा नाही हे येत होतं. जनावराचं वय दातांवरून बघतात, तसं प्रत्येक शब्दाला मी दात दाखवायला लावले.

दुसऱ्या रविवारी त्यानं ऑब्झर्व आणला. ऑब्झर्व म्हणजे लक्ष ठेवून बघणं, डॉक्टर लोक बघतात तसं. मी म्हटलं, पोटच्या पोरीवर पाळत ठेवली होती असं वाटेल. मग सस्पेक्ट. त्याचा अर्थ ऐकून बायकोच बोलली, "संशय चोराचा घेतात रे दादा, लेकराचा नाही." तो शब्द तिथंच मेला. मग रिअलाइझ, म्हणजे उमगणं. तो मला बरा वाटला, जरा साधुपुरुषासारखा. पण मेव्हण्याचं म्हणणं, त्यातही उशिरा उमगलं हाच वास येतो. केम टू नो म्हणजे कळलं, कुणीतरी सांगितलं म्हणून.

"कुणीतरी म्हणजे कोण?" मी विचारलं.

"म्हणजे... मीच ना," तो म्हणाला.

"केम टू नो नको," मी म्हटलं.

"जावईबापू, तुम्ही म्हैस घेत नाही आहात!"

"म्हैस असती तर मी तुझ्याकडून घेतलीच नसती."

बायको तव्यावरून भाकरी काढत खालमानेनं म्हणाली, "आणि फील?"

मेव्हणा हसला. "फील म्हणजे अंगाला लागणं, हाताला जाणवणं. गरम, गार. नाहीतर मनाला आपलं उगीच वाटणं. ते बायकी झालं. बाईंना तारीख पाहिजे, कारण पाहिजे. वाटलं वाटलं करून चालत नाही."

"नुसतं विचारलं," ती म्हणाली.

शेवटी तडजोड झाली ती रिअलाइज्डवर. वुई रिअलाइज्ड, अँड अॅट वन्स वुई वेंट टू द डॉक्टर. यातलं अॅट वन्स, म्हणजे ताबडतोब, मी घालायला लावलं. उमगलं उशिरा असेल, पण त्यानंतर एक दिवस दवडला नाही, हे बाईंच्या कानावर जायला हवं होतं. ते दोन शब्द मेव्हण्यालाही पटले. आमचं दोघांचं आयुष्यात एवढ्याच बाबतीत एकमत झालं.

बाईंकडे जायचा दिवस जवळ आला. त्या दुपारी मेव्हणा नव्हता. मी जेवून उठलो होतो, पोरगी जमिनीवर झोपली होती, बायको तिच्या अंगावर पदर धरून माश्या वारत होती. मी म्हटलं, "म्हणून दाखव बघू एकदा."

ती म्हणाली, "दारात कुणी दिसत नाही, आवाजही येत नाही, तरी कुणीतरी आलंय असं होतं ना. त्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"मला काय विचारतेस? चौथी पास माणसाला? दादाला विचार."

"दादा म्हणेल, कशाला पाहिजे."

"कशाला पाहिजे?"

तिनं पदरानं वारणं थांबवलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. "मला कधी उमगलंबिमगलं नाही," ती म्हणाली. "लक्षात आलं असंही नाही. ती पाळण्यात होती तेव्हापासून मला होत होतं तसं. मी गाणं म्हणायची ती माझ्या तोंडाकडे बघायची. तोंड फिरवून म्हटलं की रडायची. एकदा पाळण्याशेजारी घमेलं पडलं. ती हसत होती, तशीच हसत राहिली. मी पुन्हा पाडून बघितलं नाही. बघितलं असतं तर लक्षात आलं असतं."

माझा राग साऱ्या अंधेरीला ठाऊक आहे. मी उठलो, दार ढकललं ते भिंतीवर आदळलं, आणि तबेल्यात गेलो. एका भय्यानं विचारलं, क्या हुआ सेठ, त्याला मी विनाकारण शिवी दिली. ज्या बाईनं कधी दोन आण्याची भाजी माझ्यापासून लपवली नाही, तिनं हे लपवलं? मी भाऊबिजेला मान खाली घालून उभा राहिलो, आणि ही ताट धरून शेजारी उभी? एका म्हशीच्या कासेला हात लावून तसाच उभा राहिलो. धार काढायची वेळ नव्हती, काही नव्हतं. म्हैस बिचारी शांतपणे रवंथ करत होती.

परत आलो तेव्हा ती तशीच वारत बसली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तिच्याशी बोलत होतात," ती म्हणाली. "रोज. घरी आलात की पहिलं तिच्याशी. ती तुमचा रुमाल ओढायची नि तुम्ही दोघं खिदळायचात. मी सांगितलं असतं तर तुम्ही बोलणं सोडलं नसतं, ठाऊक आहे मला. पण तिच्याकडे वेगळं बघायला लागला असतात. मला वाटलं, आणखी थोडे दिवस असंच बघू देत तिच्याकडे. मग आणखी थोडे. मग भाऊबीज आली."

मी खाली बसलो. पोरगी झोपेत वळली आणि तिचा पाय माझ्या पोटरीला लागला. तो तसाच राहू दिला.

बायको म्हणाली, "मी तिथं फेल्ट म्हणणार आहे."

"म्हणजे पाळण्यापासूनचं सगळं सांगणार?"

"हो."

"वेडी आहेस काय? दादा काय म्हणाला? लपवणाऱ्यांना बाई दाराबाहेर काढतात. तू उठून आपल्या तोंडानं सांगणार, मी लपवलं? रिअलाइज्ड म्हण, ताबडतोब म्हण, आणि गप्प बस. समोरच्यानं विचारलं नाही ते आपण सांगायचं नाही."

"बाई काय सौदा करायला बसल्या आहेत?"

"सगळे सौदा करायलाच बसलेले असतात!"

"मग मला त्या बाईंसमोर वर्षभर बसायचं आहे," ती म्हणाली. "रोज. तुम्हाला नाही. खोट्यावर नाही बसता येणार मला."

यावर मी खूप बोललो. ते सगळं आता आठवत नाही, आणि आठवलं तरी बायको इथं लिहू देणार नाही. पोरगी उठून आमच्या दोघांच्या तोंडांकडे टकामका बघायला लागली तेव्हा थांबलो. जागा गेली तर दुसरी शाळा नव्हती. मला तेवढंच दिसत होतं.

बाईंच्या खोलीत जमिनीला लाकडी फळ्या होत्या, भिंती नुकत्या चुन्यानं रंगवलेल्या. बाई उंच, केस पांढरे, चष्मा दोरीनं गळ्यात. मेव्हण्याला त्यांनी बाहेर बाकावर बसवलं. तो दुभाषा म्हणून खास अर्ध्या दिवसाची रजा काढून आला होता, त्याचं तोंड पडलं. त्या दिवशी मला झालेला तो पहिला आनंद.

बाईंनी पोरीला आमच्यासमोर उभं केलं, स्वतः तिच्या मागं गेल्या आणि घंटा वाजवली. पोरगी चटकन वळली.

ऐकू येतं की काय? बाई मात्र हसल्या. त्यांनी पोरीकडे नाही, माझ्या बायकोकडे बोट केलं. घंटा वाजली तेव्हा आईचे डोळे तिकडे गेले, आणि पोरीनं आईचे डोळे वाचले. बाईंनी बायकोला खांद्याला धरून भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मला म्हणाल्या, "तुम नीचे देखो." मी खाली बघितलं. फळ्या हादरू नयेत म्हणून त्या स्वतः पोरीच्या पाठीमागच्या दाराच्या दगडी उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि घंटा पुन्हा वाजवली. खूप वेळ वाजवली. मी खाली पोरीची पावलं बघत होतो. ती हलली नाहीत.

बायको भिंतीकडेच तोंड करून होती. तिला वळ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. तशीच असताना बाईंनी विचारलं, "व्हेन डिड यू फर्स्ट नोटिस?"

आमच्या घरी इतके रविवार तो प्रश्न घोळला होता, की मलाही तो तोंडपाठ होता. मी मनात म्हटलं, रिअलाइज्ड म्हण. अगं, रिअलाइज्ड म्हण.

"नो नोटिस, मॅडम," बायको भिंतीला म्हणाली. "आय फेल्ट. इन क्रेडल. आय डिड नॉट टेल." आणि वर, "ही वॉज टॉकिंग टू हर."

क्रेडल म्हणजे पाळणा. तिनं सगळं सांगून टाकलं होतं. आता बाई घंटा टेबलावर ठेवतील आणि दार दाखवतील, म्हणून मी उठायच्या तयारीत बसलो.

बाई पुढं आल्या. त्यांनी तिला वळवलं आणि सावकाश, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं म्हणाल्या, "नॉट फेल्ट. यू न्यू."

न्यू म्हणजे ठाऊक होतं. म्हणजे बाईंनी आमचा माल पारखला होता आणि त्याचा खरा भाव सांगितला होता. मी असतो तर हो म्हणून सुटलो असतो.

बायकोनं मान हलवली. "नो मॅडम. न्यू, आफ्टर दिवाली. बिफोर, फेल्ट."

"इट इज द सेम," बाई म्हणाल्या. एकच आहे ते.

"नॉट सेम, मॅडम."

माझी बायको कुणाशी वाद घालत नसे. बाजारात भाजीवाली सांगेल तो भाव देऊन यायची, त्यावरून आमची भांडणं होत. ती तिथं त्या उंच बाईसमोर उभी राहून एका शब्दावरून मागं हटत नव्हती. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. नॉट सेम, एवढंच. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "ऑल राइट. फेल्ट."

मग माझ्याकडे वळून विचारलं, बोलता म्हणजे कसे बोलता? मी रुमाल काढला. पोरीनं लगेच हात घातला आणि माझी दोन बोटं धरली. बाहेर चला. तिला घंटेचा कंटाळा आला होता.

बाईंचा चेहरा बदलला. मोडक्या हिंदीत त्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ एवढाच, की मुलीला घेते, सोमवारपासून आईला घेऊन पाठवा, पण हे बंद. हातानं बोलण्याची सोय असली की मूल तोंड उघडत नाही. शाळेत हात मागं बांधून बसायचं. घरीही तसंच.

घेते म्हणाल्या हे आधी मला समजलंच नाही. हे बंद, तेवढंच ऐकू आलं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, दिवस तुमचा, संध्याकाळ माझी. बाई म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, बरं, दिवेलागण ते जेवण. नाही. मी म्हटलं, रविवार. मेव्हणा दाराच्या फटीतून हातानं मला गप्प बसायला सांगत होता, म्हणून मी आणखी मोठ्यानं म्हटलं, "रविवार तो देना पडेगा!"

बाईंनी बायकोला विचारलं, हा नेहमी असाच बोलतो का? बायको म्हणाली, "येस मॅडम. ऑलवेज."

बाईंना हसू आलं असावं. त्या खिडकीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "संडे को स्कूल बंद. हम नहीं देखता." आमच्या धंद्यात याला कबुली म्हणत नाहीत. पण मी ती कबुली धरली, आणि पुढची सगळी वर्षं धरून राहिलो.

मेव्हणा आजही सांगत फिरतो, भाचीला शाळेत मी घातलं, उत्तरं मी बसवून घेतली होती. त्यानं बसवलेलं एक अक्षर तिथं बोललं गेलं नाही, हे मी त्याला पुष्कळदा सांगितलं. तो म्हणतो, "पण काम झालं ना, जावईबापू?" झालं. आमची मुलगी आज बोलते. तिचा आवाज परक्याला चटकन उमजत नाही, आम्हाला उमजतो. पण भाऊबिजेचं ते वाक्य त्यानं अजून परत घेतलेलं नाही, आणि मी ते त्याला सोडलेलं नाही.

त्या दिवशी आम्ही शाळेतून बाहेर रस्त्यावर आलो. मेव्हणा टॅक्सी शोधायला पुढं गेला होता, स्वतःच्या हापिसाला उशीर होतोय म्हणून. पोरगी आमच्या मध्ये. उन्हात बायकोनं माझ्याकडे तोंड केलं आणि विचारलं, "रागावलात का?"

तिच्या कपाळाला चुना लागला होता. कुंकवाच्या वरपासून केसांपर्यंत पांढरा पट्टा, थोडा नाकाच्या शेंड्यालाही. भिंतीकडे तोंड करून उभी होती तेव्हा तिनं कपाळ भिंतीला टेकलं असणार. घंटा वाजत होती तेवढा सगळा वेळ. मी खाली पावलं बघत बसलो होतो, ती भिंतीला टेकून होती, आणि तशाच तोंडानं ती त्या बाईशी भांडून आली होती.

तेव्हा भर रस्त्यात नवराबायको एकमेकांना हात लावत नसत. आमच्यासारख्यांत तर नाहीच. मेव्हणा टॅक्सीचं दार धरून आमच्याकडेच बघत होता.

"हल अशी," मी म्हटलं, आणि कुंकू फिसकटणार नाही अशा बेतानं अंगठ्यानं तिचं कपाळ पुसलं.